काजळ घातलेली गाडी

मी थापा मारतो, हे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या मराठी मंडळींना पहिल्या चहातच कळतं. मंडळात नवीन कुणी आलं की त्याला आधीच सांगून ठेवतात, हे शशीकाका, कार फॅक्टरीतून रिटायर झालेत, यांचं काही खरं धरू नका. मग मी त्याला आमच्या फोरमनची गोष्ट सांगतो. हा गृहस्थ इतका सावकाश चालायचा की रॉबिन पक्ष्याने त्याच्या टोपीत घरटं बांधलं, अंडी घातली, पिल्लं उडून गेली, तरी साहेब अजून कँटीनपर्यंत पोचले नव्हते. लोक हसतात, मला आणखी एक कप चहा मिळतो. एकदा तर कंटाळा आला म्हणून मी पोलिसांना फोन केला. आमच्या गल्लीत एक कोल्हा रोज कचऱ्याचे बिन उघडतो आणि रीसायकलिंगचा कचरा वेगळा काढून ठेवतो, म्हटलं, कौन्सिलमध्ये त्याला नोकरी मिळेल का? तेव्हा मजा वाटली. तो कोल्हा पुढे मला आडवा गेला, ते येईलच ओघात.

ही गोष्ट माझ्या शेजारच्या अंबरीशची आणि त्याच्या गाडीच्या दिव्यांची आहे. हिच्यात मी पदरची भर घातलेली नाही. घालायला जागाच नव्हती.

अंबरीश नागपूरचा. सॉफ्टवेअरच्या कामासाठी वर्क व्हिसावर आलेला, बायको देवयानी बरोबर. माणूस सरळ, कुणाच्याही मदतीला धावणारा. खोड एकच. कुणी काही चुकीचं बोललं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. मी सांगायचो की आमच्या फॅक्टरीत एका हिवाळ्यात इतकी थंडी पडली की वेल्डिंगच्या ठिणग्या हवेतच गोठल्या, आणि आम्ही त्या वेचून पोरांना खेळायला घरी नेल्या. सगळी खोली हसायची. अंबरीश तेवढा गंभीर.

"नाही नं काका. ठिणगी गोठत नसते. ती विझते. जळणारा मेटल पार्टिकल असते तो."

"बरं बाबा, विझलेल्या नेल्या."

"विझलेल्या तर दिसणारही नाहीत."

देवयानी कपाळावर हात मारून घ्यायची. "अरे, थापेत कसलं फिजिक्स शोधतोस?"

"चूक ती चूक," तो म्हणायचा.

त्याने सेकंडहँड गाडी घेतली. गाडी ठणठणीत होती, पण त्याच्या मते तिचा चेहरा भोळा होता. ऑफिसातल्या पोरांच्या गाड्या कशा गुरकावतात, ही आपली सत्यनारायणाला निघाल्यासारखी. म्हणून उन्हाळ्यातल्या एका शनिवारी त्याने मागचे दोन्ही दिवे काढून गॅरेजमधल्या टेबलावर मांडले. लाल आणि नारिंगी काचा ओल्या सँडपेपरने घासल्या, कडेने चिकटपट्टी लावली आणि त्यांच्यावर काळा स्प्रे मारायला घेतला. एक हात वाळला की दुसरा. मी घडीची खुर्ची टाकून बसलो होतो. दुसऱ्याचं काम बघण्यासारखं सुख नाही.

"कशाला रे हे? दिवा दिसण्यासाठी असतो."

"स्मोक्ड लुक म्हणतात याला काका. गाडी रागीट वाटते."

"मला तर नवरीने काजळ घातल्यासारखी वाटते. आणि काजळ अंमळ जास्तच झालंय. डोळे उघडे आहेत की मिटलेत, ते कळेना."

देवयानी वाळलेले कपडे घेऊन चालली होती. ती दारातून म्हणाली, "काका, खऱ्या नवरीकडे कुणी इतका वेळ बघितलं नाही हो."

वरून लॅकरचा चकचकीत हात देऊन त्याने संध्याकाळी दिवे पुन्हा गाडीत बसवले. गॅरेजचं दार खाली होतं. त्याने इंडिकेटर लावला, आणि काळ्या काचेच्या पोटात नारिंगी ठिपका लुकलुकायला लागला.

"दिसला की नाही?"

"दिसला. अंधारात काजवाही दिसतो. दार उघडून बघ की एकदा."

"पाऊस येतोय नं बाहेर. आणि आत मी जास्त ब्राइट बल्ब टाकलाय. एमओटीच्या वार्षिक टेस्टला अजून अवकाश आहे, तेव्हा बघू."

दार काही उघडलं नाही. मीही मग फोरमनच्या टोपीकडे वळलो.

दिवाळीला लंडनजवळच्या स्लाऊच्या मंडळाचा कार्यक्रम होता आणि गोष्टी सांगायला मला बोलावलं होतं. आम्ही दोन गाड्यांनी निघालो. पुढे अंबरीश, देवयानी आणि मागच्या सीटवर मी. दुसऱ्या गाडीत संजय आणि स्वाती. संजय अंबरीशच्याच ऑफिसात होता. दोघं एकाच महिन्यात या देशात आले, एकाच थंडीत कुडकुडले, एकमेकांच्या घरी खिचडी खाऊन राहिले. संजयचं मनगट बॅडमिंटनमध्ये मोडून प्लास्टरमध्ये होतं, म्हणून गाडी स्वाती चालवणार होती. तिने इथली ड्रायव्हिंग टेस्ट नुकतीच पास केली होती आणि मोटरवेवर ती पहिल्यांदाच जात होती.

आपल्या लोकांची एक रीत आहे. दोन गाड्या निघाल्या की एक पुढारी ठरतो. बाकीच्यांनी त्याच्या मागे मागे यायचं. स्वतःचा फोन काढून नकाशा लावायचा नाही, लावला तर पुढाऱ्याला वाईट वाटतं. इंग्रज माणूस पत्ता घेऊन आपला आपण येतो. आपल्याला वरात लागते.

"स्वाती, फोन ठेव पर्समध्ये," निघताना अंबरीश म्हणाला. "नवीन आहेस, उगाच गोंधळ होईल. माझा इंडिकेटर बघत राहा, बस. माझा इंडिकेटर म्हणजे तुझा नकाशा."

"ऐक गं त्याचं," संजय गाडीत बसता बसता बोलला. "समोर बघ. माझ्याकडे बघू नकोस. मी या कुर्त्यात देखणा दिसतो, हे मला माहीत आहे."

"तुझ्याकडे कोण बघतंय? मांडीवरचा डबा धर नीट. अनारसे मोडले तर स्लाऊच्या बायका मला हसतील."

संजयचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

वाटेत पाऊस पडून गेला आणि मग ऊन आलं. इथलं नोव्हेंबरचं ऊन डोक्यावर येत नाही, समोरून डोळ्यांत घुसतं. ओला रस्ता आरशासारखा तळपत होता. पुढारीपणात अंबरीश खुशीत होता. स्वाती मधल्या लेनमध्ये आमच्या मागे बेताचं अंतर ठेवून इमानदारीत येत होती. मग तो म्हणाला, "आपलं एक्झिट आलं," आणि त्याने इंडिकेटर लावला. टिक टिक टिक टिक. मी स्वतः ऐकलं. आमची गाडी डावीकडची लेन ओलांडून बाहेरच्या फाट्याला लागली.

आता तीही वळेल म्हणून हात करायला मी मागे बघितलं. ती वळलीच नव्हती. सरळ चालली होती. आम्ही तिच्या समोरून नाहीसे झालो, हे तिला फार उशिरा कळलं. मग तिच्या गाडीने एकदम डावीकडे हिसका घेतला. डाव्या लेनमध्ये लॉरी होती.

इथेही आपल्यासारखाच ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डावीकडे संजय होता.

त्यापुढचं मी सांगणार नाही. एकच सांगतो. अनारशांचा डबा रस्त्याच्या कडेला जाऊन पडला होता, झाकण निघालेलं, आणि आतला एकही अनारसा मोडला नव्हता. हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात. त्यांना ही माझी थाप वाटते.

पोलिसांनी मला विचारलं, पुढच्या गाडीने इंडिकेटर दिला होता का? हो, म्हटलं, टिकटिक मी ऐकली. देवयानीने तेच सांगितलं, अंबरीशनेही तेच. आम्ही तिघंही खरं बोललो. आमच्या गाडीला ओरखडासुद्धा नव्हता, ती लांब फाट्यावर उभी होती. तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

संजय जागीच गेला. स्वातीच्या बरगड्या आणि गळ्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून ती घरी आली ती आरोपी होऊनच आली. बेपर्वाईने गाडी चालवून माणसाचा जीव घेतल्याचा संशय, आणि तो माणूस तिचाच नवरा. पण पोलिसांपेक्षा ती स्वतःच स्वतःला जास्त छळत होती. मी भेटायला गेलो की तेच.

"काका, तुम्ही सगळे म्हणता इंडिकेटर दिला होता. मला दिसला नाही. म्हणजे मी बघत नव्हते. मग कुठे बघत होते? डब्याकडे बघितलं असेल का? त्याच्याकडे बघितलं असेल? तो म्हणाला होता, माझ्याकडे बघू नकोस."

तिला आठवत होता तो फक्त रस्ता. चकाकणारा रस्ता आणि अंबरीशच्या गाडीची काळी पाठ. पण स्वतःच्या आठवणीवर तिचा विश्वास उरला नव्हता.

ती 'काळी पाठ' ऐकून माझ्या डोक्यात चमकलं. घरी जाताना अंबरीशच्या दारासमोरच्या ड्राइव्हमध्ये मुद्दाम डोकावलो. मागचे दिवे लखलखीत होते. लाल म्हणजे लाल, नारिंगी म्हणजे नारिंगी. एखाद्या स्क्रॅपयार्डातून आणून बसवलेले, कारण एकाच्या कोपऱ्याला जुनी चीर होती. तो पानगळ झाडत होता.

"काजळ कुठे गेलं रे?"

त्याने खराटा थांबवला नाही. "कसलं काजळ, काका?"

मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. स्वातीचं गवत तो कापायचा, तिचा बॉयलर बघायचा, दर आठवड्याला तिचे बिन रस्त्यावर आणून ठेवायचा. अपघातानंतर तो अर्धा झाला होता. फक्त एक वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं, आणि त्या वाक्यावाचून ती बाई रोज मरत होती.

मी पोलिसांकडे गेलो. ऑफिसर पोरगी गोड होती. सगळं टाइप करून घेतलं, मग स्क्रीनवर काहीतरी वाचून ओठ आवळले. म्हणाली, तुम्हीच का ते, कोल्ह्याच्या नोकरीसाठी फोन करणारे? तरी बिचारीने माणूस पाठवला. त्याने अंबरीशच्या गाडीचे दिवे बघितले, छान होते. अंबरीश म्हणाला, काका मोठे आहेत, एकटे असतात, त्यांना गोष्टी सांगायची सवय आहे. देवयानी दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मग मी स्वातीला सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि थोपटला, जसं आजारी पोराला थोपटतात.

"काका, माझ्यासाठी गोष्ट नका रचू. तुमचा जीव तुटतो, मला कळतं. पण नका."

आयुष्यभर लोक माझ्या थापांना माना डोलावत आले. एक खरं बोललो, तर ही गत.

तिची पोलिसांकडे दुसरी मुलाखत ठरली. आदल्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा ती अगदी शांत होती. ती शांतता मला आवडली नाही.

"वकीलबाई म्हणतात, उद्या काही बोलू नका. पण मी सांगून टाकणार आहे. माझं लक्ष नव्हतं, मी त्याला मारलं. त्यांना काय शिक्षा द्यायची ती देऊ देत. एकदा तोंडाने म्हटलं की मला झोप तरी लागेल."

मंडळातल्या बायकांनी तिच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या होत्या. त्या दिवशी पाळी देवयानीची होती. दोघं नवरा-बायको डबा घेऊन आली. अंबरीशने आल्या आल्या गळणारा नळ बघितला, मग हात पुसून खुर्चीच्या टोकावर बसला. चहा झाला. तेव्हा मी माझं एकुलतं एक हत्यार बाहेर काढलं.

"आमचा तो फोरमन होता ना, टोपीवाला," मी म्हणालो, "त्याला एकदा गाडी रागीट करायची हुक्की आली."

"काका, आज नको," देवयानी म्हणाली.

"सांगू दे गं," स्वाती म्हणाली. "ऐकते मी."

"तर हा पठ्ठ्या बूट पॉलिशची डबी घेऊन बसला. मागच्या दिव्यांना पॉलिशचा जाड थर दिला आणि वरून चोळलं खोबरेल तेल. दिवे इतके काळे झाले, इतके काळे, की मांजर गाडीमागून गेलं तरी थांबून विचारायचं, आत कुणी आहे का? एकदा चंद्र ढगातून खाली आला आणि त्या काचेत तोंड बघायला लागला, तर त्याला वाटलं आज अमावास्या आहे. गेला बिचारा घरी."

स्वातीच्या ओठांचा कोपरा हलला. अंबरीश कपातल्या साईकडे बघत होता.

"आणि ते पॉलिश असं पक्कं बसलं," मी पुढे रेटलं, "की वर्षभर पावसात गाडी फिरली तरी निघालं नाही. कारण वरचं खोबरेल! खोबरेल तेलाने काळं धरून राहतं. हल्लीची पोरंही असंच करतात म्हणे. पॉलिश आणि खोबरेल."

अंबरीशच्या मानेची शीर उडायला लागली. मी ती ओळखतो.

"घासायचं वगैरे काही नाही," मी म्हणालो. "चकचकीत काचेवरच फासायचं. गुळगुळीत काचेवर रंग जास्त टिकतो."

"नाही टिकत," अंबरीश म्हणाला.

"टिकतो रे. फोरमनचा टिकला."

"नाही नं काका! गुळगुळीतवर काहीच धरत नसते. पॉलिश पहिल्या पावसात वाहून जाईल. आधी ओल्या सँडपेपरने घासावं लागते, मग टिंटचा स्प्रे, पातळ हात, वाळू द्यायचा, परत मारायचा, आणि वरून लॅकर. तेल कुठून आणलं तुम्ही? लॅकरने धरून राहते ते."

"असं होय," मी म्हणालो. "मग आतला दिवा दिसतो का रे बाहेरून?"

"दिसतो नं. मी चेक..." तो थांबला. पण तोंड पुढे गेलं होतं, ते आपलं आपण बोलत राहिलं, आवाज खाली खाली जात. "गॅरेजमध्ये दिसतो. उन्हात नाही दिसत."

देवयानी डब्याचं झाकण लावत होती, ते तिच्या हातात तसंच राहिलं. मग ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "सांग आता. नाहीतर मी सांगते."

स्वातीने कप खाली ठेवला. "त्या दिवशी तुझे दिवे तसे होते?"

त्याने मान हलवली. हो म्हणून.

"काकांनी मला सांगितलं होतं. मी त्यांना वेड्यात काढलं."

"मी इंडिकेटर दिला होता, स्वाती. देवाशपथ. वेळेवर दिला होता."

"दिला असशील."

"मला वाटलं, सांगून संजय परत येणार आहे का? व्हिसा जाईल, आम्ही दोघं रस्त्यावर येऊ... आणि तू म्हणतच होतीस की तुझं लक्ष नव्हतं. मला वाटलं, खरंच नसेल. मी रोज तसं म्हणायचो स्वतःला. की नसेलच तिचं लक्ष."

ती ओरडेल, कप फेकेल, असं मला वाटलं. ती भिंतीकडे बघत होती, जणू भिंत म्हणजे तो रस्ता.

"मी बघत होते," ती म्हणाली. मग पुन्हा, स्वतःलाच ऐकवल्यासारखं, "मी बघतच होते. सबंध वेळ. तो काहीतरी बोलत होता, तरी मी वळून बघितलं नाही." आणि त्यानंतर तिचा आवाज फुटला. "अरे, एकदा तरी बघायला हवं होतं रे मी त्याच्याकडे."

देवयानी तिच्याजवळ जायला उठली. स्वातीने हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

अंबरीश उभा राहिला. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. सगळं सांगतो."

"बरोबर नको," स्वाती म्हणाली. "तू आधी जा. मी नंतर येईन. मला रस्ता माहीत आहे."

ती दोघं निघाली. आम्ही खिडकीत उभे होतो. गल्ली रिकामी होती, चिटपाखरू नव्हतं, तरी ड्राइव्हमधून बाहेर पडताना अंबरीशने इंडिकेटर लावला. ऊन होतं. नारिंगी दिवा लखलख उघडमीट करत कोपऱ्यापर्यंत गेला आणि वळला.

"किती स्वच्छ दिसतो," स्वाती म्हणाली.

मला जायला हवं होतं, पण पाय निघेना. तिने देवयानीचा डबा उघडला, बघितला, परत बंद केला. मग टेबलापाशी बसली आणि समोरची खुर्ची माझ्यासाठी पायाने सरकवली. ती संजयची खुर्ची होती.

"काका, एक थाप मारा."

"कसली?"

"आपण स्लाऊला पोचलो, तिची."

मी त्या खुर्चीत बसलो. मग ती वाट बघतेय हे बघून सुरू केलं.

"तर आपण स्लाऊला पोचलो," मी म्हणालो. "पार्किंगला कुठे जागा म्हणून नव्हती. अंबरीश त्यावरून तिथल्या सेक्रेटरीशी वाद घालत बसला. तेवढ्यात संजय उतरला, एका हाताने डबा सांभाळत. हॉलच्या दारात बायकांचा हा घोळका. संजयने झाकण उघडलं आणि म्हणाला, बघा, एकही मोडलेला नाही."

"मग?" स्वाती म्हणाली.

"मग तो वळला आणि तुला म्हणाला, आता बघ माझ्याकडे. आता चालेल."

तिने डोळे मिटून घेतले. मी पुढे सांगत राहिलो. कार्यक्रम सुरू झाला, जेवणाच्या पंगती बसल्या, अनारसे पुरले नाहीत. बाहेर ऊन उतरलं तरी मी स्लाऊहून परत निघायला तयार नव्हतो, आणि तीही निघा म्हणत नव्हती.